दोन दिवसांत विझणारं पान

आफ्रिकेच्या शिंगापाशी, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, जिबूती नावाचा चिमुकला देश आहे. दुपारी बारा-एकच्या सुमाराला तिथल्या राजधानीचे कान रस्त्याकडे लागलेले असतात. पहाटे शेजारच्या इथिओपियात, हरारच्या डोंगरउतारांवर खुडलेली हिरवी पानं ट्रकांतून आणि विमानांतून शहराकडे निघालेली असतात. माल आला की हॉर्न वाजवत गाड्या गल्लीबोळांत धावतात. रस्त्याकडेला टेबलं मांडून बायका विकायला बसतात. ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या जुड्या गिऱ्हाइकाला एकेक काढून देतात. तासाभरात शहर निवतं. पुरुषमंडळी घरी किंवा मित्राकडे उशांना रेलून बसतात, कोवळी पानं एकामागून एक गालात साठवतात आणि उन्हं कलेपर्यंत चघळत राहतात.

या झुडपाचं शास्त्रीय नाव काथा एड्युलिस. येमेनमध्ये त्याला कात म्हणतात, इथिओपियात चाट, केनियात मिरा. आपल्या विड्यातल्या काताशी किंवा भेळेशेजारच्या चाटशी त्याचं काही नातं नाही. घोटाळा नको म्हणून इथे आपण त्याला ‘खात’ म्हणू. पानाचा रस पोटात गेला की झोप पळते, भूक मरते, गप्पांना रंग चढतो, आपल्याला पुष्कळ काही जमेल असं वाटू लागतं. काही तासांनी हे सगळं ओसरतं आणि मागे चिडचिड, उदासी आणि न लागणारी झोप उरते. हे घडवणारा पदार्थ म्हणजे कॅथिनोन. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळेत तो ताज्या पानांतून वेगळा काढण्यात आला. ‘ताज्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पान खुडलं की कॅथिनोन मोडू लागतं आणि साधारण दोन दिवसांत त्याचं कॅथिन नावाच्या कितीतरी सौम्य पदार्थात रूपांतर होतं. सोमवारी पहाटे खुडलेलं पान बुधवारी नुसता पाला असतो.

कुठल्या देशात कुठली नशा रुजली, याबद्दल बोलताना लोक चटकन स्वभावावर येतात. जपानी माणूस कामसू, म्हणून त्याला जागवणारी गोळी हवी. येमेनी निवांत, म्हणून तो पानं चघळत बसतो. हे ऐकायला पटतं, आणि घात इथेच होतो, कारण एकदा स्वभावावर बोट ठेवलं की पुढे शोधण्यासारखं काही उरतच नाही. येमेनी माणूस ज्या पानानं निवांत बसतो आणि जपानी माणूस ज्या गोळीनं रात्रपाळी करायचा, ती दोन्ही रसायनं एकाच घराण्यातली आहेत, हे कळलं की स्वभावाचा सिद्धान्त डळमळू लागतो.

त्या घराण्याची ओळख आधी करून घेऊ. चीनमध्ये ‘मा हुआंग’ नावाची एक काटकुळी, पानं नसल्यासारखी दिसणारी वनस्पती दम्यावर आणि खोकल्यावर शतकानुशतकं दिली जाते. तिची भावंडं हिमालयातही उगवतात. आपल्याकडे तिला सोमलता म्हणतात, आणि वेदांतला सोम तो हाच, असं मानणारे अभ्यासक आहेत. तिच्यात एफेड्रिन असतं. १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानं ते वेगळं काढलं, आणि १८९३ मध्ये त्यानंच एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन तयार केलं. खातमधलं कॅथिनोन रचनेनं या दोघांच्या अगदी जवळचं आहे. कॅथिनोनच्या सांगाड्यात थोडा फेरफार केला की मेफेड्रोन होतं. आपल्या वर्तमानपत्रांत जवळजवळ रोज दिसणारं ‘एमडी’ ते हेच. बळ कमीजास्त, पण या सगळ्यांची जात एक: झोप घालवणारी, भूक मारणारी, बोलतं करणारी आणि नंतर खड्ड्यात ढकलणारी. शरीरावर होणारा परिणाम जर सारख्याच जातीचा असेल, तर एक भावंड येमेनमध्ये, दुसरं जपानमध्ये आणि झेक लोकांत, तिसरं मुंबईत का रुजलं, याचं उत्तर शरीराबाहेर शोधावं लागतं.

सुरुवात पानापासून करू.

येमेनच्या डोंगरांत उतारावर पायऱ्या काढून शेती करतात. त्याच पायऱ्यांवर खात होतं आणि त्याच पायऱ्यांवर कॉफीही होते. दोन्ही झाडांचं मूळ इथिओपियाकडे सांगतात आणि दोन्हींचा पहिला उपयोगही सारखाच होता: रात्र जागवणं. सुफी साधक जप करताना झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत. मग कॉफीनं जग जिंकलं आणि खात डोंगरातच राहिलं, असं का? कॉफीची बी वाळते. वाळलेली बी गोणीत भरून मोखा बंदरावर महिनाभर पडून राहिली तरी चालते, गलबतातून इस्तंबूलला जाते, ॲमस्टरडॅमला जाते. बाबा बुदन यांनी सात बिया लपवून चिकमंगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बी तसा प्रवास करू शकते एवढं नक्की. खातच्या पानाला तसं करता येत नाही. त्याचं आयुष्य दोन दिवसांचं, त्यामुळे त्याच्या राज्याची सीमा म्हणजे दोन दिवसांत जिथवर पोचता येईल तिथवर. खेचर आणि उंट यांच्या काळात ही सीमा पंचक्रोशीपुरती होती.

या पानाची शास्त्रीय ओळख युरोपला करून दिली ती पेटर फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञानं. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेबरोबर तो येमेनला आला आणि १७६३ मध्ये तिथेच हिवतापानं वारला. त्याचे कागद जपले ते कार्स्टन नीबूर या सोबत्यानं. मोखाहून निघालेला हा नीबूर थेट मुंबईला उतरला, वर्षभराहून अधिक काळ इथे राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची मापं घेऊन त्यानं चित्रं काढली. सहा जणांच्या त्या मोहिमेतून जिवंत घरी परतला तो एकटा. फोर्स्कोलचं वनस्पतींवरचं पुस्तक त्यानं १७७५ मध्ये छापलं, त्यात खातचं वर्णन आहे. म्हणजे खातची माहिती अडीचशे वर्षांपूर्वी मुंबईच्या किनाऱ्याला लागली होती. पान मात्र लागलं नाही.

पुढचा धागा याहून बळकट आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्याला जोडून दिला. १९३२ पर्यंत, नव्वदहून अधिक वर्षं, एडन मुंबईहून चालत होतं. शिपाई, कारकून, व्यापारी, दुबाशे यांची सारखी ये-जा होती. एडनच्या बाजारात डोंगरातून खात यायचं. आपल्या माणसांनी ते पाहिलं असणार, चघळूनही पाहिलं असणार. तरीही ते मुंबईत आलं नाही, कारण आगबोटीलाही एडनहून इथे यायला पाच-सहा दिवस तरी लागायचे. त्यात आणखी एक गोष्ट होती. मुंबईकराचा गाल रिकामा नव्हता. तिथे आधीच विडा होता, चुना लावून मळलेली तंबाखू होती, कमरेला चंची होती. चघळत बसायचं, चार माणसांत चंची फिरवायची, बोलायचं, हे सगळं आपल्याकडे मांडून ठेवलेलं होतं. नव्या पानाला बसायला जागाच नव्हती. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू वापरताना आढळला. तो गाल अजूनही रिकामा नाही, आणि त्याची किंमत आपल्या कर्करोग रुग्णालयांतल्या रांगा रोज मोजतात. येमेनकडे बोट दाखवण्याआधी हे आठवावं असं मला वाटतं.

मग दोन दिवसांची सीमा ताणली गेली ती यंत्रांमुळे. जिबूतीहून निघालेली रेल्वे १९०२ मध्ये हरारजवळच्या दिरे दावापर्यंत आली आणि १९१७ मध्ये अदिस अबाबाला पोचली. डोंगरातलं पान सपाटीवरच्या, समुद्रकाठच्या उकाड्यातल्या माणसाला रोज मिळू लागलं. रस्ते झाले, मग विमानं आली. केनियातल्या मेरू भागातलं मिरा केळीच्या पानांत गुंडाळून नैरोबीला यायचं आणि छोट्या विमानांनी सोमालियात उतरायचं. मोगादिशूत यादवी पेटलेली असताना, शाळा आणि दवाखाने बंद असताना, ही विमानं उतरत होती. राज्यकर्त्यांनी बंदीचे प्रयोगही करून पाहिले. एडनमध्ये इंग्रजांनी १९५७ मध्ये खातवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली. दक्षिण येमेनच्या समाजवादी सरकारनं १९७७ मध्ये ते सुट्टीच्या दिवसांपुरतं ठेवलं. सोमालियात हुकूमशहा सियाद बर्रेनं १९८३ मध्ये बंदी आणली. आज या तिन्ही ठिकाणी खात चघळलं जातं. येमेनमध्ये तर ज्या देशाला प्यायला पाणी पुरत नाही, त्या देशाच्या भूजलाचा मोठा वाटा या झुडपांना जातो. शेतकरी ते लावतो कारण कॉफीपेक्षा, फळांपेक्षा त्याचा पैसा रोज हातात येतो.

विमानानं हे पान लंडनलाही पोचवलं, आणि तिथे जे घडलं ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. जून २०१४ पर्यंत खात ब्रिटनमध्ये कायदेशीर होतं. हीथ्रो विमानतळावर पेट्या उतरायच्या आणि त्याच दिवशी सोमाली, येमेनी, इथिओपियन लोकांच्या बैठकींत जुड्या सुटायच्या. अनेक वर्षं हा माल उघडपणे, स्वस्तात, कुणाच्याही हाताला लागेल असा विकला जात होता. तरी शेजारच्या गल्लीतल्या गोऱ्या, पंजाबी किंवा जमैकन मुलाला त्याची ओढ लागली नाही. चव कडवट आणि तुरट. तीन-चार तास गाल भरून बसायचं. बरोबर बसायला माणसं हवीत, बैठक हवी, बोलायची भाषा एक हवी. ज्याचं लहानपण त्या बैठकीच्या कडेला खेळण्यात गेलं नाही, त्याच्यासाठी तो नुसता पाला चावण्याचा कंटाळा होता. पदार्थ हाताशी असून भागत नाही, तो घ्यायचा कसा आणि कुणाबरोबर, हेही कुणीतरी शिकवावं लागतं. सरकारच्या स्वतःच्या सल्लागार मंडळानं २०१३ मध्ये बंदीची गरज नाही असं सांगितलं होतं. सरकारनं ती तरीही घातली.

आता याच देशातलं, त्याच वर्षांतलं दुसरं चित्र पाहा. २००९-१० मध्ये ब्रिटनच्या नाचघरांत, विद्यापीठांत मेफेड्रोन वणव्यासारखं पसरलं. खातचं हे चुलत भावंड तिथे संगणकावर मागवता येत होतं, पाकिटावर ‘झाडांचं खत’ आणि ‘मानवी सेवनासाठी नाही’ असं छापलेलं असायचं, आणि १६ एप्रिल २०१० पर्यंत ते कायद्याच्या कचाट्यात नव्हतं. पण कायदेशीर तर खातही होतं. मग पूड का पसरली? त्याचं उत्तर कंबोडियाच्या जंगलात सापडतं. नाचघरांतली मूळ गोळी एक्स्टसीची, म्हणजे एमडीएमएची. ती बनवायला सॅफ्रोल नावाचं तेल लागतं, आणि ते कार्डमम पर्वतातली दुर्मीळ झाडं तोडून, उकळून काढलं जात होतं. जून २००८ मध्ये कंबोडियाच्या सरकारनं ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या मदतीनं ३३ टन तेल नष्ट केलं. युरोपातल्या गोळ्यांतून एमडीएमए जवळजवळ गायब झालं. गिऱ्हाईक तेच, नाचघर तेच, शनिवारची रात्र तीच. मधे एक जागा रिकामी झाली आणि चीनमधल्या कारखान्यांतून आलेली पांढरी पूड त्या जागेत बसली. हे रसायन तसं जुनं, १९२९ मध्येच कागदावर नोंदलेलं. त्याला ऐंशी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. काही वर्षांनी एमडीएमए दुसऱ्या मार्गानं परत आलं, तशी ब्रिटनमधली मेफेड्रोनची लाट ओसरली.

जपानची गोष्ट वेगळ्या रिकाम्या जागेची आहे. नागाईनं तयार केलेलं मेथॅम्फेटामिन जवळजवळ अर्धं शतक कपाटात पडून होतं. १९३८ मध्ये बर्लिनच्या टेमलर कंपनीनं ते ‘पर्विटिन’ या नावानं बाजारात आणलं आणि १९४१ मध्ये जपानमध्ये ‘फिलोपोन’ हे नाव घेऊन ते आलं. लोकांच्या तोंडी ते ‘हिरोपोन’ झालं. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या रात्रपाळीला, पहाऱ्यावरच्या शिपायाला, विमान चालवणाऱ्या पोराला ते दिलं गेलं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा लष्कराच्या कोठारांत याचे साठे होते, औषध कंपन्यांची यंत्रं तयार होती आणि शहरं जळून गेलेली होती. माल बाजारात आला. औषधाच्या दुकानात कुणालाही मिळत होता. उपाशी माणसाची भूक मारणारी, थकलेल्याला उभं करणारी, भाकरीपेक्षा सहज मिळणारी वस्तू. लेखक ती घेऊन रात्ररात्र लिहायचे. साकागुची आंगोनं आपलं सेवन लपवलं नाही. सरकारला जाग आली ती हळूहळू. कडक कायदा १९५१ मध्ये झाला, आणि १९५४ या एका वर्षात पंचावन्न हजारांहून अधिक लोकांना अटक झाली.

हीच गोळी जर्मन सैन्यानंही घेतली होती. १९४० मध्ये फ्रान्सवर चाल करताना एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत साडेतीन कोटी गोळ्या सैन्याकडे गेल्या. मग युद्धानंतर जर्मनीत जपानसारखी साथ का आली नाही? माझ्या मते एका तारखेला फार महत्त्व आहे. जर्मनीनं १९४१ मध्येच, युद्ध चालू असताना, पर्विटिन अफूच्या कायद्याखाली आणलं होतं. जपानमध्ये ती दोरी आवळायला शरणागतीनंतर सहा वर्षं लागली, आणि त्या सहा वर्षांत सवय तर रुजलीच, शिवाय ती पुरवणारी माणसंही तयार झाली. १९७० च्या दशकात याकुझा टोळ्यांनी परदेशातल्या छुप्या प्रयोगशाळांतून माल आणायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकाला नवं नाव शिकवावं लागलं नाही. जपानच्या पोलिसांच्या नोंदींत पुढे दशकानुदशकं मेथॅम्फेटामिनच वर राहिलं. गांजाच्या अटका त्याच्या पुढे गेल्या त्या थेट २०२३ मध्ये.

पर्विटिन हे जर्मन नाव आज रोजच्या बोलण्यात जिवंत आहे ते झेक भाषेत. युरोपच्या नकाशावर कुठे कुठला पदार्थ चालतो ते रंगवलं तर पश्चिमेला आणि दक्षिणेला कोकेन, उत्तरेला साधं ॲम्फेटामिन, आणि मधोमध मेथॅम्फेटामिनचा एक ठिपका: झेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया. अनेक वर्षं हा ठिपका जवळजवळ एकटा होता. त्याचा उगम १९७० च्या दशकातल्या चेकोस्लोव्हाकियात आहे.

तेव्हा सीमा बंद होत्या. कोलंबियाचं कोकेन, अफगाणिस्तानचं हेरॉइन तिथे येण्याचं कारणच नव्हतं, कारण तिथल्या चलनाला देशाबाहेर किंमत नव्हती. तस्कराला त्या नोटांचा काय उपयोग? पण देशात शिकलेली माणसं होती, चांगलं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शाळा होत्या, आणि औषधाच्या दुकानात दम्याची आणि खोकल्याची औषधं होती. सोल्युटान नावाच्या देशी औषधात एफेड्रिन असायचं. प्रागजवळच्या रोस्तोकीत एफेड्रिन बनवणारा कारखानाही होता. कुणीतरी जुन्या रसायनशास्त्राच्या आधारानं नागाईची वाट पुन्हा शोधून काढली. स्वयंपाकघरात पूड होऊ लागली. झेक लोक अशा जागेला ‘वार्ना’ म्हणतात, म्हणजे उकळण्याची जागा, आणि पर्विटिनला लाडानं ‘पेर्निक’, म्हणजे मसाल्याचा गोड केक.

या व्यवस्थेत बाजार असा नव्हताच. एक उकळणारा आणि त्याच्याभोवती दहा-पंधरा जणांचं कोंडाळं. कुणी डॉक्टरची चिठ्ठी आणायचं, कुणी औषधाच्या बाटल्या, कुणी जागा द्यायचं. माल आपसात वाटला जायचा. पैसे कमी फिरायचे, आणि म्हणून पोलिसांच्या हाती धागा लागायचा नाही. समाजवादी देशात व्यसन असूच शकत नाही, अशी सरकारी भूमिका असल्यामुळे त्यावर उघड बोलणंही अवघड होतं. राडेक योन या पत्रकाराची ‘मेमेंटो’ ही कादंबरी १९८६ मध्ये आली तेव्हा असंख्य आईबापांना आपल्या घरात काय चाललं आहे हे पहिल्यांदा वाचायला मिळालं.

शेजारच्या पोलंडशी तुलना केली की हे आणखी उलगडतं. राजवट तशीच, सीमा तशाच बंद, चलन तसंच बिनकामाचं. पण १९७० च्या दशकाच्या मध्यावर पोलिश तरुणांनी खसखशीच्या वाळलेल्या बोंडांपासून घरगुती हेरॉइन काढायची रीत शोधली. नाताळात खसखशीचा केक करणाऱ्या त्या देशात खसखशीची शेतं गावोगाव होती. त्या काळ्या काढ्याला ते ‘कॉम्पोट’ म्हणायचे, आपण मोरांबा म्हणावं तसं. एका देशाला झोप घालवणारी नशा लागली, शेजारच्या देशाला गुंगी आणणारी. स्वभावाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी इथे काय म्हणायचं? आणि केवळ खसखशीच्या शेतांवर सगळं ढकलावं तर तेही पुरत नाही, कारण खसखस झेक लोकही भरपूर पिकवतात. मला वाटतं, इथे पाककृतीसारखं काहीतरी घडलं. एखादं लोणचं एका गावात एका रीतीनं घालतात आणि नदीपलीकडे दुसऱ्या रीतीनं. कैरी दोन्हीकडे तीच. पहिल्यांदा कुणाला काय साधलं आणि त्यानं ते कुणाला शिकवलं, यावर पुढच्या पिढ्यांची सवय ठरते. १९८९ नंतर सीमा उघडल्या, हेरॉइन आलं, कोकेन आलं. झेक वस्तीतलं पर्विटिन मात्र हललं नाही. जागा भरलेली होती.

सौदी अरेबियातल्या ‘कॅप्टागॉन’ची गोष्ट याच घराण्यातली. मूळ गोळी १९६० च्या दशकातलं जर्मन औषध. १९८६ मध्ये तिच्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, पण नाव उरलं आणि त्या नावाखाली साधं ॲम्फेटामिन विकलं जाऊ लागलं. यादवीनं उद्ध्वस्त झालेल्या सीरियात ते राजवटीच्या आश्रयानं बनत राहिलं; डिसेंबर २०२४ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष असद पळाल्यावर त्याची गोदामं उघडी पडली. आणि सौदीत, दारूची बाटली जिथे घरात सापडली तरी गुन्हा, तिथे औषधासारखी दिसणारी, वास नसलेली गोळी खिशात सहज मावते.

मराठी माणसाला हे सगळं दूरचं वाटू नये. ‘गर्द’ हा शब्द आपल्या भाषेत रुळला तो १९८० च्या दशकात. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या, हेरॉइनच्या भट्ट्या पाकिस्तानच्या सरहद्दीवर आल्या आणि युरोपला जाणाऱ्या मालाची एक वाट भारतातून गेली. माल ज्या वाटेनं जातो त्या वाटेवर सांडतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि महाविद्यालयांत ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, दिसू लागली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते डॉ. अनिता अवचटांच्या हातून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर. तिथे आलेल्या पोरांच्या स्वभावात काबूलचं काही नव्हतं. ती फक्त एका वाटेच्या कडेला राहत होती.

गर्द वाटेवरून आली. मेफेड्रोनला मात्र आपल्याकडे यायलाच लागलं नाही. साधारण २०१२ च्या पुढे मुंबईत ते दिसू लागलं, ‘एमडी’ आणि ‘म्याव म्याव’ या नावांनी. कोकेन श्रीमंतांच्या मुलांना परवडायचं. हे त्याच्या तुलनेत कितीतरी स्वस्त होतं. अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. तोवर ज्याच्या खिशात सापडेल त्याच्यावर त्या कायद्याखाली गुन्हा नोंदवणं कठीण होतं. ब्रिटनप्रमाणे इथेही बंदीनंतर ते ओसरेल असं कुणाला वाटलं असेल, तर त्यानं एक फरक लक्षात घेतला नाही. ब्रिटनमध्ये ही पूड समुद्रापलीकडून यायची. महाराष्ट्रात आणि गुजरातेत रासायनिक कारखान्यांचा पट्टाच आहे. कच्चा माल इथे, पिंपं इथे, रिॲक्टर इथे, रसायनशास्त्राचे पदवीधर इथे, आणि मंदीत बंद पडलेली, भाड्यानं मिळणारी युनिट्सही इथेच. जी सोय आपल्या औषधांना जगात स्वस्त ठेवते, तीच सोय कुणी चोरून वापरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात पोलिसांनी कारखाना पकडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीपासून सांगली आणि दिल्लीपर्यंत धागा काढत दीड हजार किलोंहून अधिक माल जप्त केला. २०२५ च्या सुरुवातीला हीच पूड तुळजापुरात सापडल्याच्या बातम्या आल्या.

तुळजापूर हे नाचघरांचं गाव नाही. आई भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या माणसांचं गाव आहे. तिथल्या पोरांनी लंडनचं नाव घेत ही नशा उचलली असं म्हणता येणार नाही. मुंबईपासून तिथवर चांगला रस्ता आहे, पुडी हातात मावते, आणि रिकामा वेळ असलेली, रोजगार नसलेली मुलं प्रत्येक तालुक्यात आहेत.

हरारच्या शेतकऱ्याला पहाटे अंधारात उठून पानं खुडावी लागतात, ओल्या फडक्यात बांधावी लागतात, दुपारच्या आत पोचवावी लागतात, आणि एखाद्या दिवशी रस्ता बंद झाला तर सगळा माल वाया जातो. कुरकुंभ पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. तिथे पकडलेली पोती कोरडी होती.